‘सौभाग्य’च्या द्वारकाताई

‘सौभाग्य’ मासिकाच्या पहिल्या पानावर नऊ वर्षं संपादिका म्हणून सौ. पार्वतीबाई गावंडे यांचं नाव छापलं जात होतं. पार्वतीबाईंना वाचता येत नव्हतं. मासिक काढणाऱ्या बाईचं नाव द्वारकाबाई मोहरील, आणि ते त्या नऊ वर्षांत एकदाच छापलं गेलं. त्या एका वेळची गोष्ट सांगायची तर मला माझ्याबद्दलही थोडं सांगावं लागेल. ते फारसं भूषणावह नाही, म्हणून शक्य तितकं कमी सांगतो.

मी नागपूरच्या महाल भागातल्या गावंड्यांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला होतो. छापखान्याचे मालक बापूसाहेब गावंडे मूळचे सावनेरकडचे. वडिलांची तिकडे शेती आणि संत्र्याचे बगीचे होते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळ्यांनाच काहीतरी करावंसं वाटत होतं. बापूसाहेबांना बायकांची सुधारणा करावीशी वाटली. त्यांनी मासिक काढायचं ठरवलं, त्याला ‘सौभाग्य’ नाव दिलं आणि वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ‘संपादिका पाहिजे.’

मुलाखतीला द्वारकाताई आल्या तेव्हा मी पलीकडच्या टेबलावर होतो. चाळिशीच्या, उंच, हिरव्या काठाचं लुगडं नेसलेल्या, कपाळ मोकळं. उमरेडच्या मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. बापूसाहेबांनी त्यांचे छापून आलेले तीन-चार लेख वाचले होते आणि ते मनापासून खूश होते.

“आणि मिस्टर काय करतात?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. पंचवीस वर्षांपूर्वी वारले.”

बापूसाहेब चांगले गृहस्थ होते. त्यांना वाईट वाटलं. मग आपण मासिकाचं नाव काय ठेवलं आहे ते त्यांना आठवलं आणि आणखी वाईट वाटलं. ‘सौभाग्य’ची संपादिका विधवा. हळदीकुंकवाच्या बायकांमध्ये हे मासिक खपणार कसं? त्यांनी हे फार हळुवारपणे, दोनदा पाणी पिऊन सांगितलं. द्वारकाताईंनी ऐकून घेतलं.

“मग मासिकाचं नाव बदलता की माझं?”

बापूसाहेबांनी दोन्ही तसंच ठेवलं. काम द्वारकाताईंचं, नाव त्यांच्या पत्नीचं. द्वारकाताईंनी एकच अट घातली. त्यांनी केलेली दुरुस्ती छापखान्यात कोणी बदलायची नाही, मालकांनीसुद्धा. बापूसाहेबांनी तिथल्या तिथे आम्हा सर्वांना बोलावून तसा नियम सांगितला. इतक्या स्वस्तात सुटलो असं त्यांना वाटलं असावं.

द्वारकाताईंचं शस्त्र व्याकरण. मोठमोठ्या शब्दांत त्या कधी बोलल्या नाहीत. मजकूर हातात आला की त्या प्रत्येक वाक्यात कर्ता शोधत. ‘वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न करून देण्यात आले’ असं वाक्य आलं की त्या कागद माझ्याकडे सरकवत.

“देशकर, यात कर्ता कोण?”

“तसा नाही कोणी.”

“म्हणजे लग्न आपोआप झालं. पाऊस पडतो तसं.”

मग लेखिकेला पत्र जाई, लग्न कोणी करून दिलं ते कळवावं. उत्तर येई, वडिलांनी. मग वाक्य बदलून छापलं जाई, ‘वडिलांनी तिचे लग्न अकराव्या वर्षी करून दिले.’ बास, एवढंच. पण एवढ्यानेच माणसं चिडत. ‘तिला घराबाहेर काढण्यात आले’ असं एका वकिलांनी आपल्या कथेत लिहिलं होतं. द्वारकाताईंनी समासात लिहिलं, ‘घराला हात होते काय?’ वकीलसाहेब स्वतः आले. ही लेखनाची प्रौढ शैली आहे, म्हणाले. द्वारकाताई म्हणाल्या, “प्रौढ आहे खरी. सगळं करून बाजूला बसते.”

त्यांची भाषणं कुणी ठेवली की त्या टाळत. एकदा सीताबर्डीवर एका सभेत नाइलाजाने बसल्या होत्या. अध्यक्षांनी ‘स्त्रियांनी आता पुढे यायला हवं’ असं तीनदा सांगितलं. मागच्या रांगेतून त्यांनी विचारलं, “कोणत्या स्त्रियांनी? आणि त्या पुढे आल्यावर पोळ्या कोण लाटणार आहे, तेही सांगून टाका.” अध्यक्ष हसले, सभा हसली. द्वारकाताई हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

स्वयंपाक त्यांना यथातथाच येई, तरी मासिकातलं पाककृतींचं पान त्या स्वतः पाहत. इतर मासिकांत पाककृतीच्या शेवटी ‘चार जणांस पुरते’ असं लिहीत. त्यांनी ते ठेवलं आणि खाली एक ओळ वाढवली. पातोडीच्या रश्शाखाली छापलं होतं: ‘लागणारा वेळ: पावणेतीन तास. हा वेळ करणारीने मोजला आहे, खाणाऱ्याने नाही.’ धंतोलीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं की या ओळीमुळे आपल्या घरी वाद झाला. द्वारकाताईंनी पार्वतीबाईंच्या सहीने त्यांना कळवलं की वादाला लागलेला वेळही कळवावा, पुढच्या अंकात घेऊ. बापूसाहेबांना यातलं काही टोचत नसे. पाककृतींचं पान ते सगळ्यात आधी वाचत आणि घरी जाऊन पातोडीची फर्माईश करत.

आम्ही सगळे असे हसत होतो. मासिक चालत होतं, विदर्भात तालुक्यातालुक्याला जात होतं, आणि बापूसाहेबांना समारंभांना बोलावणी येत होती. त्यांच्याबरोबर पार्वतीबाईही जात. तिथून खरी गडबड सुरू झाली.

एके दिवशी दुपारी पार्वतीबाई छापखान्यात आल्या. मालकीणबाई छापखान्यात कधी येत नसत. आम्ही उभे राहिलो. त्या पदर सावरून द्वारकाताईंच्या समोर बसल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात मोठी नथ. आवाज इतका हळू की छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांनी हात थांबवले तेव्हा कुठे ऐकू आला.

“बाई, काल मी हळदीकुंकवाले गेली होती. वकिलीणबाईनं माह्ये हात धरले. म्हणे, तुम्ही सासूबद्दल लिवलं ते वाचून मी रडली. मले तं ठाऊकच नाही मी काय लिवलं. मी नुसती हसून राहिली.”

द्वारकाताईंनी लेखणी खाली ठेवली.

“माह्या नावानं काय छापता ते मले समजलं पाह्यजे,” पार्वतीबाई म्हणाल्या. “मी काही मना नाही करत. पण मले सांगा.”

नऊ वर्षांत द्वारकाताईंना ओशाळलेलं मी तेव्हाच पाहिलं. दुसऱ्याच्या वाक्यांत कर्ता शोधणाऱ्या बाईने एक सबंध बाई कर्ता म्हणून वापरली होती आणि तिला कधी विचारलं नव्हतं. त्यांनी तो अंक काढला आणि पहिल्या पानापासून पार्वतीबाईंना वाचून दाखवायला घेतला. चहाची वेळ होऊन गेली. सासूचा लेख आला तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्या, “हे बरोबर हाय. पण सासू अशी काहून झाली, ते नाही लिवलं तुमी.”

पुढच्या अंकात ते लिहिलं गेलं.

त्यानंतर दर महिन्याला अंक निघाला की पार्वतीबाई दुपारच्या येत. पहिलं वर्ष ऐकलं. दुसऱ्या वर्षी अक्षरांवर बोट ठेवू लागल्या. आपलं नाव पहिल्या पानावर छापलेलं आहे आणि ते दर महिन्याला तेच असतं, यामुळे त्यांचं अर्धं काम सोपं झालं होतं. ‘प’ आणि ‘ग’ त्यांना सगळ्यात आधी आले. बापूसाहेबांना वाटे बायको मासिकाच्या कामाला जाते. तसं ते खरंही होतं. तिसऱ्या वर्षी त्या एकट्या वाचू लागल्या, पण सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द खडा निवडावा तसा बाजूला करत.

मुलींना बापाच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा झाला, त्यावर गावोगाव चर्चा चालली होती. द्वारकाताईंनी त्यावर लेख लिहिला. कायद्याचं कौतुक त्यांनी दोन ओळींत संपवलं. उरलेला लेख एकाच गोष्टीबद्दल होता: कायदा झाल्याबरोबर घरोघर भाऊ बहिणींना जेवायला बोलावू लागले आहेत, साडी देऊ लागले आहेत आणि जेवणानंतर वाटा सोडल्याचा एक कागद पुढे करू लागले आहेत. लेखाचं नाव ‘सही करण्याआधी’. शेवटी लिहिलं होतं, ‘बहिणींनो, साडी जरूर घ्या. कागद मात्र घरी नेऊन वाचा. वाचता येत नसेल, तर वाचता येईपर्यंत सही करू नका.’ खाली नेहमीप्रमाणे, सौ. पार्वतीबाई गावंडे.

मुद्रित मीच तपासलं. बापूसाहेबांनी अंक चाळला, पाककृतींचं पान वाचलं आणि बाजूला ठेवला. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. ते गडबडीत होते.

वडिलांचे दिवस होऊन गेल्यावर त्यांनी मला घरी बोलावलं. एका कागदावर साक्षीदार म्हणून सही हवी होती. मी गेलो. बैठकीत गावचे दोन वडीलधारे, कागद लिहिणारा कारकून, बापूसाहेब, आणि दाराशी त्यांची बहीण सखूबाई. सखूबाई सावनेरजवळच्या खेड्यात दिलेल्या. हाताला शेतकामाचे घट्टे. जेवण झालं होतं. नवी साडी त्यांच्या मांडीवर होती.

बापूसाहेब म्हणाले, “अक्का, इथं अंगठा लाव. बाबांच्या शेतीचं कागदपत्र नीट करून घ्यायचं आहे.”

सखूबाई साडीवरून हात फिरवत राहिल्या. “काय लिवलं हाय त्याच्यात, गा?”

“काही नाही, नेहमीचंच.”

“माही लेक चवथीत हाय. ती मले वयनीचं मासिक वाचून दाखवते,” सखूबाई म्हणाल्या. “वयनीनं लिवलं, साडी घ्या, पण कागद वाचल्याशिवाय सही करू नोका. मी साडी घेतली.” मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून म्हणाल्या, “तूच तं लिवलं ना वं, वयनी?”

पार्वतीबाई दारात उभ्या होत्या. बैठकीतल्या सगळ्यांनी तिकडे पाहिलं. बापूसाहेबांचा चेहरा मला दिसत होता. तो लेख पार्वतीबाईंनी लिहिला नाही असं सांगावं, तर गावच्या माणसांसमोर नऊ वर्षांचं खोटं उघडं पडतं. लिहिला म्हणावं, तर बायकोच नवऱ्याच्या कागदाला अडवते. ते म्हणाले, “अक्का, ते लेख वेगळे असतात,” आणि थांबले. वेगळे कसे, ते त्यांना सुचेना.

“हो,” पार्वतीबाई म्हणाल्या. “म्याच लिवलं.”

मग त्या पुढे आल्या, सखूबाईंच्या शेजारी बसल्या आणि कारकुनाकडे हात केला. त्याने बापूसाहेबांकडे पाहिलं. कुणी काही बोलेना म्हणून कागद दिला. पार्वतीबाईंनी तो वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून, मोठ्याने, एकेक शब्द. जुन्या वळणाचं कोर्टाचं मराठी, लांबलचक वाक्यं. पहिल्याच वाक्याला इतका वेळ लागला की गावचे एक वडीलधारे तक्क्याला टेकून घोरू लागले. बापूसाहेब आधी रागाने ऐकत होते. नंतर त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं. आपली बायको वाचते, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा कळत होतं.

‘राजीखुशीने’ या शब्दापाशी पार्वतीबाईंचं बोट थांबलं.

“हे कोनाच्या राजीखुशीनं?” त्यांनी विचारलं.

“माह्या तं नाही,” सखूबाई म्हणाल्या.

त्यांनी अंगठा लावला नाही. साडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने त्या गावी गेल्या. पुढे वर्षभर ताणाताणी होऊन त्यांना बगिच्याचा एक तुकडा मिळाला. पुरा वाटा नाही. बापूसाहेब नंतर सर्वांना सांगत, मी बहिणीला हौसेने बगीचा दिला.

पण ती नंतरची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेबांनी मला बोलावून एक निवेदन लिहायला सांगितलं. मी लिहिलं. मला नाही म्हणता आलं असतं, ते माझ्या मनातही आलं नाही. दोन लहान मुलं होती, आणि नोकरी नसलेल्या प्रूफवाल्याला नागपुरात कोण विचारणार. लिहिलं ते असं: ‘गेल्या अंकातील “सही करण्याआधी” हा लेख सौ. पार्वतीबाईंचा नसून श्रीमती द्वारकाबाई मोहरील यांचा आहे, असे निदर्शनास आले आहे. त्यांना संपादकीय कामातून मुक्त करण्यात येत आहे.’

द्वारकाताई नेहमीच्या वेळी आल्या. निवेदनाचं मुद्रित त्यांच्या टेबलावर मीच ठेवलं होतं. समोर देण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून इतर कागदांत ठेवलं. त्या एकेक कागद पाहत त्यापर्यंत आल्या. वाचला. मला वाटलं रडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आपल्या नावावर बोट ठेवलं, जसं पार्वतीबाई ठेवत. ‘मोहरील’मधली री ऱ्हस्व पडली होती. त्यांनी ती दीर्घ केली.

मग माझ्याकडे न पाहता विचारलं, “देशकर, मुक्त करण्यात येत आहे. कर्ता कोण?”

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

त्यांनी वाक्य खोडून वर लिहिलं, ‘मी, बापूसाहेब गावंडे, त्यांना कामावरून काढत आहे.’ कागद मला दिला आणि म्हणाल्या, “मसुदा तुमचा आहे ना? निदर्शनास आले, हेही तुमचंच. नऊ वर्षं माझ्यासमोर बसून तुम्ही हेच लिहिता, याचं जास्त वाईट वाटलं.”

एवढंच. टेबलाच्या खणातून आपली वाटी आणि शब्दकोश काढला, खिळे जुळवणाऱ्यांचा एकेकाचा निरोप घेतला आणि गेल्या. माझाही घेतला.

मी तो कागद बापूसाहेबांकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, “वाक्य सुधारलं आहे.” दुरुस्ती बदलायची नाही हा नियम त्यांनीच केलेला होता. निवेदन तसंच छापलं गेलं. द्वारकाबाई मोहरील हे नाव ‘सौभाग्य’मध्ये आलं ते एवढं एकदाच, आणि शुद्ध आलं.

संपादनाचं काम माझ्याकडे आलं. नाव मात्र पार्वतीबाईंनी द्यायचं नाकारलं. “लिवनारी बाई गेली. मी आता काय लिवते? माहं नाव काढा,” एवढंच त्यांनी बापूसाहेबांना सांगितलं. शेवटी ‘सौभाग्य’ या बायकांच्या मासिकावर संपादक म्हणून माझं, गोविंद देशकर असं नाव लागलं. मी पाककृतींचं पान चालवलं. सणांची माहिती दिली. पाच अंक निघाले. पाचव्यानंतर वर्गणीदार बायकांनी अंक परत पाठवायला सुरुवात केली. एका पाकिटावर कोणीतरी लिहिलं होतं, ‘यात आम्ही कोठे आहोत?’ नागपूरचं राजधानीपद गेल्याने सरकारी छपाई आधीच कमी झाली होती. बापूसाहेबांनी मासिक बंद केलं. कारण विचारलं की ते राजधानीचं कारण सांगत. मीही तेच सांगत असे.

द्वारकाताईंचं काय चाललं आहे ते कानावर येई. इतवारीतल्या एका लहान छापखान्यातून त्या चार पानांचं पत्रक काढत होत्या. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत बायकांना शिकवायला आठवड्यातून दोनदा जात होत्या. पत्रकावर संपादिकेचं नाव नव्हतं. ते त्यांनी मुद्दाम टाळलं की विसरल्या, हे मला कळलं नाही. विसरणाऱ्या बाई नव्हत्या त्या.

दोन-अडीच वर्षांनी एकदा त्या मला सीताबर्डीच्या बसथांब्यावर भेटल्या. केस पिकले होते. मी चुकवायच्या आत त्यांनीच हाक मारली. कुठे निघालात, विचारलं. मी कुठेच निघालो नव्हतो. “मग चला खापरखेड्याला,” त्या म्हणाल्या. मी गेलो. बसमध्ये मी त्यांची माफी मागायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, “देशकर, खिडकी लावा. धूळ येते.” पुढे तो विषय निघाला नाही.

वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या पडवीत दहा-बारा बायका बसल्या होत्या. नव्या पत्रकात द्वारकाताईंचा लेख होता. उमरेडकडच्या कोष्टी कुटुंबांविषयी. हातमाग सोडून पुरुष वीजकेंद्रात नोकरीला आले, त्यामुळे दिवसभर घरात मागासाठी फुकट सुताच्या कांड्या भरणारी बाई त्या कामातून सुटली, असं त्यात म्हटलं होतं. लेख चांगला होता. शेवंता नावाची एक बाई तो वाचत होती. तीही उमरेडची कोष्टीण, तिचा नवरा इथे बॉयलरवर होता. शेवटपर्यंत वाचून तिने कागद खाली ठेवला.

“हे चूक हाय, बाई,” ती म्हणाली.

बाकीच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

“काहून?” द्वारकाताईंनी विचारलं.

“मागावर निदान मी होती. माह्या हातच्या कांड्या लुगड्यात दिसत. लोकं पाहून सांगत, हे शेवंताच्या घरचं हाय. आता हे सकाळी जाते, संध्याकाळी येते, मी क्वार्टरात बसून राहते. मी सुटली नाही. मी रिकामी झाली.”

द्वारकाताई ऐकत राहिल्या. त्यांना आवडलं नाही, ते दिसत होतं. मग तोच कागद उलटा करून शेवंताच्या पुढे सरकवला आणि आपली टोपणाची लेखणी उघडून तिच्या हातात दिली.

“लिही.”

“मले सरळ कुठं लिवता येते?”

“वाकडं लिही.”

शेवंता कागदावर ओणवी झाली. परतीच्या बसची वेळ झाली होती. द्वारकाताई मुक्कामाला तिथेच राहणार होत्या, मी उठलो. दाराशी चपला घालताना वळून पाहिलं. शेवंताचं पहिलं वाक्य झालं होतं. त्यात निदान चार चुका होत्या, मला उभ्या उभ्या दिसत होत्या, म्हणजे द्वारकाताईंना दिसल्याच असणार. त्यांचा उजवा हात एकदा कागदाकडे गेला. मग त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि त्या पडवीबाहेर, वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसून राहिल्या.